टॉवेलाखालचा सौदा

बाजारात गेले होते शेळीचे फोटो काढायला, आणि अर्ध्या तासात एक शेळी विकत घेऊन बसले. तीही न बघता!

त्याचं असं झालं… मला चित्र काढता येत नाही. थोडंफार नाही, अजिबातच येत नाही. आणि बनवायचा होता मोबाईलवरचा गेम, शेळ्यांच्या बाजाराचा. कॉम्प्युटरची पदवी पदरात होती, कोडिंग जमत होतं. पण मी काढलेली शेळी बघून माझ्या मैत्रिणीने, अंकिताने, विचारलं होतं, "ही खाट कुणाची गं?" चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते. आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी, साताऱ्याच्या घरात हुकूम सोडला होता, "दिवाळीपर्यंत टाइम आहे, अक्षता. तोवर तुझा खेळ कुणी जाणकाराने पसंत केला तर ठीक. नाही तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. चुपचाप!"

म्हणून गणपती गेल्यावरच्या शनिवारी मी आटपाडीला लीलामावशीकडे आले. फोटोवरून गिरवून तरी शेळी जमते का बघू म्हटलं.

बाजारात धूळ, लेंड्या आणि नुसता कालवा. त्यात दोन माणसं मात्र गप्प. समोरासमोर उभी, हातांवर टॉवेल टाकलेला, आणि टॉवेलाखाली काहीतरी चाललेलं.

"आबा, काय चाललंय हे?" मी शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. नाथाजी त्यांचं नाव.

"सौदा! बोटं धरून भाव सांगायचा, एक बोट म्हंजी एक हजार. शेजारच्याला कळाय नगं म्हून झाकायचं," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, "घालून बघ की हात, पोरी."

त्यांचा मुलगा टॉवेलाखाली हात पुढे करून गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता. तोंड दुसरीकडे, कुणाशी तरी बोलण्यात दंग. मी हळूच हात घातला. आत एक उबदार, खरबरीत हात होता… त्याने माझं एक बोट चाचपलं. मी दचकले. तेवढ्यात मागून एका बोकडाने मला अशी ढुशी दिली की तोल सावरायला मी त्या हाताची पाचही बोटं घट्ट धरली.

"दिली!" तो ओरडला आणि वळला.

काळासावळा, कपाळावर भंडारा, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते.

"तुमी? आवं, आमचं लालासाहेब व्यापारी कुटं गेलं?"

"मला… मला फक्त बघायचं होतं."

"बगितलं न्हवं? आता शेळी तुमची."

"अहो, पण चुकून—"

"टॉवेलाखालचा शबूद मागं घेता येत न्हाई, मॅडम. आमच्यात त्ये पाप हाय." तोंड गंभीर होतं, पण डोळे हसत होते. ते असेच हसतात, अजूनही.

सोबत आलेल्या मावशीने कपाळावर हात मारला आणि पैसे देऊन मोकळी झाली. "आता हिला साताऱ्याच्या फ्लॅटमधी बांधणार व्हय गं?"

"माज्याकडं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. त्याचं नाव बिरुदेव. "अर्धेलीनं सांबाळतो. करडं झाली की निम्मी तुमची, निम्मी माजी. फकस्त अधनंमधनं बघाय यावं लागंल…"

"शेळीला?"

"मग? हितं दुसरं कोण हाय बघण्यासारकं?"

मी शेळीकडेच बघत राहिले. पण एसटीत बसल्यावर साताऱ्यापर्यंत मला त्या हाताचाच विचार. टॉवेलाखाली मला काहीच दिसलं नव्हतं, तरी… आणि मी सीटवरून ताडकन उठून उभी राहिले. काहीच दिसलं नव्हतं! मग गेममध्ये तरी चित्रं कशाला हवीत?

"मला तुमचा टॉवेल पाहिजे," मी बिरुदेवला फोन केला.

"आँ? शेळी घिऊन भागलं न्हाई व्हय?"

त्याच्या त्या लाल काठाच्या टॉवेलाचा एक फोटो, एवढंच माझ्या गेममधलं चित्र. पडदाभर टॉवेल. त्यावर बोटं टेकवायची: भाव दोनचा तर दोन, पाचचा तर पाच. समोरचा व्यापारी उत्तर द्यायचा ते फोन थरथरवून, आणि त्याच्या हुंकारावरून ओळखायचं की गडी खरा बोलतोय की थापा मारतोय. सगळे हुंकार बिरुदेवने दिले. आपल्या फोनवर शेळ्यांची बेंबें, घासाघीस, कालवा, सगळं भरून आणायचा.

"ह्यो हुंकार लय सरळ झाला," तो स्वतःलाच नापास करायचा. "लबाड माणूस आदी खोकतो."

"तुम्हाला बरं माहीत?"

"मी व्यापारी हाय की, मॅडम."

दर शनिवारी मी आटपाडीत. शेळी बघायला, असं मावशीला सांगायचे. मावशी काही दुधखुळी नव्हती. कडुलिंबाखाली घोंगडीवर बसून तो मला सौदा शिकवायचा, टॉवेलाखाली बोटं धरून. चौथ्या शनिवारी त्याने माझी करंगळी धरली… आणि सोडलीच नाही.

"हा कुठला आकडा?" मी विचारलं.

"ह्यो आकडा न्हाई," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवसापासून 'मॅडम' गेलं, 'तुम्ही' गेलं.

दिवाळीआधी सांगलीच्या एका कॉलेजात नव्या गेमची स्पर्धा होती. माझी ती एकच संधी. आणि स्पर्धेला दोन दिवस उरले असताना मी कच खाल्ली. नुसता टॉवेल बघून लोक हसतील, या भीतीने इंटरनेटवरची फुकटातली चित्रं गेममध्ये कोंबली. बिरुदेवला दाखवलं, तर त्याचा चेहराच उतरला.

"ही कुटली शेळी? हिच्या मागं बर्फ हाय, अक्षता. आपल्या उन्हात दोन दिस जगायची न्हाई ही."

"पण दिसते छान!"

"छान दिसंल. आपली न्हाई." तो उठून गेला. टॉवेल तिथेच राहिला.

मला रडू आलं. मग रागही आला… त्याचा नाही, माझाच. एकेक करून सगळी चित्रं पुसली. त्याला निरोप धाडला, 'बर्फ वितळला. सांगलीला ये.'

सांगलीत त्या दिवशी परतीचा पाऊस झिमझिमत होता. आजूबाजूच्या टेबलांवर आग ओकणारे राक्षस आणि उडणाऱ्या गाड्या. माझ्या टेबलावर टॉवेल. आप्पा सोबत आले होते, हातातल्या पिशवीत तो बँकेचा फॉर्म. बिरुदेव इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात अवघडून उभा.

पहिले परीक्षक म्हणाले, "चित्रं लोड व्हायची आहेत का?"

मी फोन पुढे सरकवला. "नाही सर. एवढंच आहे. डोळे मिटा आणि बोटं ठेवा."

त्यांनी हसत बोटं ठेवली. हरले. पुन्हा ठेवली. पुन्हा हरले. मग त्यांनी हाक मारून दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं, त्याही हरल्या, आणि मागे पोरांची ही रांग लागली! राक्षसांच्या टेबलावरची पोरंसुद्धा उठून आली. रांग मोडून आप्पा पुढे घुसले.

"बदतमीज!" तिसऱ्यांदा फसल्यावर ते फोनवर खेकसले. "परत लाव!"

"आप्पा, तो फोनमधला आहे."

"असेल! मला फसवतो? आवाज कुणाचा हा?"

"माजा… साहेब," कोपऱ्यातून आवाज आला.

आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "असं होय. खोकून खोटं बोलतोस काय रे?"

निकाल लागला. पहिला नंबर, टॉवेलाचा! बक्षीस म्हणजे सांगलीतच गेम बनवणाऱ्यांच्या केंद्रात वर्षभर जागा, आणि गेम बाजारात आणायला मदत. आप्पांनी फॉर्मचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेले. त्यांचे डोळे ओले होते. माझे तर वाहतच होते.

बाहेर व्हरांड्यात बिरुदेव पावसाकडे बघत उभा होता. "जिकलीस. आता हितं ऱ्हाशील. सुखात ऱ्हा."

"केंद्रवाल्यांनी विचारलं, टेबलाला खुर्च्या किती लागतील. मी दोन सांगितल्या."

"दुसरी कुणाला?"

"बाजाराचा दिवस सोडून बाकीचे दिवस तुला."

"मला कोडिंग येत न्हाई, अक्षता."

"मला चित्रं येत नाहीत. काही अडलं?" आता थांबायचं नव्हतं. "आणि मी फक्त गेमचं नाही बोलत. मला तू आवडतोस, बिरुदेव. लय आवडतोस!"

हे जरा मोठ्यानेच बोललं गेलं. चहावाल्याने वळून पाहिलं. बाजार डोक्यावर घेणारा तो माणूस मात्र शर्टाची इस्त्री चाचपत राहिला.

"मी… मी कवापास्नं सांगायचं म्हणत हुतो. पर तू शिकलेली, साताऱ्याची. म्हटलं, हसशील मला."

"हसतेच आहे की!"

मग तोही हसला, डोळ्यांनी आधी आणि तोंडाने नंतर. "मलाबी तूच पायजेस," तो म्हणाला. "आबांला कवाच सांगून बसलोय."

"झालं का तुमचं?" दारातून आप्पांचा आवाज आला. "भूक लागलीय. त्यालाही घे जेवायला. मला त्याच्याशी बोलायचंय."

बिरुदेव पांढराफटक पडला. मी मात्र अजिबात घाबरले नाही. एका दिवसात दोनदा जिंकलेली पोरगी कुणाला घाबरते?