मागे कोण?

रेणुकाला घ्यायला आम्ही चिक्कडपल्लीला पोचलो, तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी शाल गुंडाळून उभी होती. हातात भाकरी-ठेच्याचा डबा, खांद्याला कापडी पिशवी. बुद्धभूषणने गाडीची काच खाली केली.

"काय मॅडम, पाय आणला ना सोबत? का घरीच ठेवला?"

"दोन्ही आणलेत. एक तुझ्या कमरेत घालायला," रेणुका म्हणाली आणि मागे अश्विनीशेजारी बसली.

उन्हाळ्यात स्कूटरवरून पडून तिचा उजवा घोटा मोडला होता. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण कोठी भागातल्या ज्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसते, तिथल्या डॉक्टरांनी डोंगर वगैरे एवढ्यात नको असं बजावलं होतं. ती येणारच नव्हती. मीच तिच्या मागे लागलो. "आपण शेवटच्या माणसाच्या चालीने चालतो, रेणू," मी म्हणालो होतो. "आपल्यात कुणी मागे राहतच नाही."

कॉलेजात असल्यापासून वर्षाच्या शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही पेद्दगुट्ट्यावर चढतो. गुट्टा म्हणजे तेलुगूत डोंगर. भोंगीरच्या रस्त्याला आत वळलं की करड्या धोंड्यांची ती रास दिसते. बाकीचं शहर त्या दिवशी रात्रीच्या पार्टीची तयारी करत असतं. आम्ही वर्षाचा शेवटचा सूर्योदय बघतो, माथ्यावर भाकरी खातो आणि परत येतो.

नियम एकच, आणि तो मी घातलेला. पुढे चालणाऱ्याने प्रत्येक वळणावर थांबून ओरडायचं, "मागे कोण?" सगळ्यांत शेवटी असेल त्याने म्हणायचं, "मी आहे!" ते उत्तर आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने समाज पुढे गेला पाहिजे, हे मी विहारात बोलतो, वाचनालयात बोलतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलतो. लोक कंटाळतात. मी थांबत नाही.

यंदा ते मी माथ्यावर बोलणार होतो. अश्विनी मूळची पुण्याची, माधापूरच्या एका आयटी कंपनीत कामाला. आमच्यात नवीनच आलेली. तिच्याकडे चांगला कॅमेरा होता. माझ्या मागे सूर्य वर येत असेल आणि मी शेवटच्या माणसाबद्दल बोलत असेन, असं चित्र ठरलं होतं. नवीन वर्षाच्या सकाळी ते सगळ्यांना पाठवायचं होतं. वाक्यं पाठ होती. गाडीत बसल्या बसल्या मी ती मनात म्हणत होतो.

पायथ्याला पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडीच्या दिव्यांचा उजेड दोन पावलांवर विझत होता. ओल्या गवताचा आणि कुठेतरी जाळलेल्या काडीकचऱ्याचा वास येत होता. गावातल्या देवळाचा भोंगा लांबून ऐकू येत होता. चढायला लागलो तसा तोही बुजत गेला.

मी पुढे, माझ्या मागे अश्विनी. भूषण कॅमेऱ्याचं स्टँड खांद्यावर घेऊन रेणुकाबरोबर.

"मागे कोण?" पहिल्या वळणावर मी ओरडलो.

"मी आहे ना बाबा!" रेणुका धापा टाकत होती. "तिकीट काढून आलेय, उतरवू नको!"

भूषण हसला. अश्विनीही हसली. पुढच्या वळणावरही तसंच. तिचं उत्तर यायला मात्र जास्त वेळ लागला. मी वर पाहिलं. धुक्याचा काळेपणा जाऊन ते राखेसारखं दिसायला लागलं होतं.

"भूषण, तू स्टँड घेऊन पुढे ये," मी हाक दिली. "लावायला वेळ लागतो."

"अरे, पण रेणू..."

"ती येते रे. हाक आहे ना आपली."

तिथे वाटेत एक जुनी चिंच आहे. भूषण तिच्याखालून वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला आवडला नाही.

पुढच्या वळणावर मी ओरडलो, "मागे कोण?"

"मी आहे."

उत्तर लगेच आलं. धाप नव्हती त्यात. थट्टा नव्हती. आवाज रेणुकाचाच वाटत होता, पण कुणीतरी तो आत्ताच घासूनपुसून ठेवल्यासारखा. आणि तो जवळून आला. आमच्या खालच्या धोंड्याआडून.

भूषण थांबला. "इतक्या लवकर कशी आली ही?"

"बघ, उगाच काळजी करत होतास," मी म्हणालो. "शाब्बास, रेणू! चला."

"संघ्या, थांब ना जरा. ती दिसू दे."

"धुक्यात काय दिसणार? उत्तर आलं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला जे कळलं होतं ते मलाही कळलं होतं. आम्ही दोघं रेणुकाला शाळेपासून ओळखतो. तिचा आवाज आम्हाला झोपेतही ओळखू आला असता. पण पूर्वेकडचं धुकं उजळत होतं, माझी वाक्यं ओठांवर होती, आणि नियमात एवढंच होतं की उत्तर आलं पाहिजे. उत्तर आलं होतं.

मी पाऊल उचललं.

त्यानंतर वाट धोंड्यांच्या बेचक्यांतून जाते. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच जागा असते. दगड घामेजल्यासारखे ओले होते. पाखरांचा आवाज कुठेच नव्हता. मी वळणावर थांबायचो, हाक मारायचो, आणि उत्तर यायचं. "मी आहे." प्रत्येक वेळी थोडं अधिक जवळून. एक नवा वासही यायला लागला होता... खडकाच्या खळग्यात साठून राहिलेल्या पाण्याचा, हिरव्या, जुन्या पाण्याचा. हाक मारल्यावर कधी कधी खूप खालून आणखी एक बारीक आवाज यायचा. मोर असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"ही रेणुका फार छान चढते हं," अश्विनी म्हणाली. "पाय दुखतोय म्हणत होतात ना तिचा?"

मी पुढे चढत राहिलो. भूषणने खांद्यावरचं स्टँड सावरलं.

शेवटच्या वळणावर मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आतच मागून आलं, "मी आहे."

आम्ही जवळजवळ पळतच माथ्यावर चढलो.

माथ्यावरही धुकंच होतं. सूर्य उगवला असावा, कारण सगळीकडे एकसारखा पांढरा उजेड भरला होता, पण कुठल्या बाजूला तो कळत नव्हता. भूषणने स्टँड लावलं नाही. ते तसंच खाली ठेवून तो आम्ही आलो त्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला.

"रेणू!" त्याने हाक दिली.

कुणी आलं नाही.

"हाक मार ना तू," तो मला म्हणाला. "तुझी ती. नियमाची."

मी कडेकडे तोंड केलं. "मागे... कोण?"

"मी आहे."

अगदी खडकाच्या कडेखालून. हात खाली घातला असता तर लागला असता. भूषणने वाकून पाहिलं. मग तो हळूहळू मागे सरकला.

"कोणी नाही," तो म्हणाला. "संघ्या, तिथे कोणीच नाही."

त्याच वेळी माझा फोन वाजला. पडद्यावर रेणुकाचं नाव होतं. मी घाईने तो कानाला लावला.

"संघ्या..." रडून रडून तिचा आवाज चिरला होता. "कुठे गेलात रे तुम्ही सगळे? माझा पाय अडकलाय दोन धोंड्यांच्या मधी. पिशवी खाली घसरली होती, आत्ता कुठे फोन हाताला लागला. किती ओरडले मी..."

"कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? चिंचेखाली. भूषण मला सोडून पुढे गेला तिथंच."

चिंच. पहिली दोन वळणं संपतात तिथली चिंच.

"मी आहे," खडकाखालून आवाज आला. या वेळी मी काहीच विचारलं नव्हतं.

फोनमधल्या रेणुकाचं रडणं थांबलं. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "संघ्या... तुमच्यासोबत ती दुसरी बाई कोण आहे? माझ्यासारखं... कोण बोलतंय?"

खाली उतरायला वाट एकच. ज्या कडेखालून आवाज येत होता, तिथूनच जाणारी. अश्विनी रडायला लागली होती. भूषणने तिचा हात धरला आणि तो पहिला उतरला. मी त्याच्या मागे. खडकाला अंग घासत जाताना तो पाण्याचा वास इतका जवळ आला की मी श्वास रोखून धरला. काही दिसलं नाही. कुणी स्पर्श केला नाही. आम्ही कुणीही हाक मारली नाही.

रेणुका चिंचेखाली अर्धवट बसलेली होती. उजवा पाय पोटरीपर्यंत फटीत गेला होता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ थंडीने काळे पडले होते. अश्विनीने तिला मिठी मारली. भूषणने आणि मी धोंडा हलवायला घेतला. मी गुडघ्यांवर बसलो, मान खाली घातली आणि फटीतले बारके दगड काढत राहिलो. निदान त्या वेळी मला तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

"तुझ्या हाका मला ऐकू येत होत्या," रेणुका म्हणाली. ती आता रडत नव्हती. "दर वेळी मी थांबा, थांबा म्हणून ओरडले. तू थांबायचास. मग पुढे जायचास."

"रेणू, आधी पाय निघू दे," भूषण म्हणाला.

"नाही. मला सांगू दे. वर दुसरंच कुणीतरी उत्तर देत होतं ना? मी फोनवर ऐकलं ते." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. "संघ्या, तो माझा आवाज नव्हता. हे तुला कळलं नव्हतं का?"

भूषणचे हात थांबले.

माझं उत्तर तयार होतं. नाही, रेणू. धुक्यात आवाज वेगळेच येतात. मला खरंच तो तुझाच वाटला. संबंध उतार उतरताना मी हीच वाक्यं जुळवत आलो होतो, सूर्योदयाच्या वाक्यांच्या जागी. मी श्वास घेतला. ओठ उघडणार, तोच माझ्या मागून, कानाच्या अगदी मागून, शांतपणे कुणीतरी बोललं.

"कळलं होतं. पण मला उशीर होत होता."

आवाज माझा होता.

मला मान वर करता येईना. पाण्याचा तो वास आला आणि गेला. माझ्या हातातला दगड माझ्याच बोटांवर पडला तरी मला दुखलं नाही. आता सगळे किंचाळतील, पळतील, असं मला वाटलं. कुणीच किंचाळलं नाही. माझं तोंड खाली होतं, आणि आवाज माझा होता.

रेणुकाने माझ्या खांद्यावरचा हात काढला. मग तिने माझ्या डोक्यावर हलकीशी टपली मारली.

"खरं बोललास," ती म्हणाली. "दुसरा असता तर धुक्यावर ढकललं असतं त्याने."

"माझं पण चुकलं," भूषण पुटपुटला. "मलाही कळलं होतं. बोलायची हिंमत तुझ्यातच निघाली, संघ्या." त्याने माझी पाठ थोपटली.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं की मी बोललो नाही. मी दगड काढत राहिलो.

पाय निघाल्यावर भूषणने आणि अश्विनीने रेणुकाला दोन्हीकडून धरलं. मी वाट शोधायला म्हणून सगळ्यांच्या पुढे निघालो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडीपर्यंत नाही, कोठीच्या दवाखान्यापर्यंतही नाही.

परवा मी तिला बघायला तिच्या घरी गेलो. घोटा पुन्हा प्लास्टरमध्ये, खाली उशी. विहारातली दोन-तीन पोरं आली होती. ती त्यांना सांगत होती, "चूक कुणाचीबी होते रे. पण तोंडावर कबूल करणारा संघपालदादासारखा एखादाच." पोरं माझ्याकडे आदराने बघत होती. मी चहाच्या कपात बघत होतो.

पोरं गेली. तिची आई आत भांडी ठेवायला गेली. रेणुकाने मला खुणेने जवळ बोलावलं आणि माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भीतीही होती, पण ती स्वतःसाठी नव्हती.

"उतरताना तू मागून माझ्या कानात जे सांगितलंस ना," ती कुजबुजली, "ते मी कुणाला बोलले नाही. भूषणलासुद्धा नाही. पण मला तेव्हापासून झोप नाही, संघ्या. तू... तसं काही करणार नाहीस ना?"

उतरताना मी सगळ्यांच्या पुढे होतो.

काय सांगितलं होतं, हे तिला विचारायचं तर मग आधीचंही मी बोललो नव्हतो, हे सांगावं लागलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, इतक्या विश्वासाने की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"नाही करणार," मी म्हणालो.

काय नाही करणार, ते मला अजून माहीत नाही.