टाइल्सच्या पाठीवरची चार वर्षं

आमच्या टाइल्सच्या कारखान्याचं रेकॉर्ड मी एकतीस वर्षं सांभाळलंय. भुताखेताची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी आधी तारीख आणि शिक्का विचारते. आमच्या सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावात सगळेच तसे. कागदावर गोल शिक्का नसेल तर इथे कुणी स्वतःच्या आईवरही विश्वास ठेवणार नाही.

गेल्या हिवाळ्यात नव्या मालकांनी बेलग्रेडहून ओग्न्येन नावाचा तरुण साहेब पाठवला. कामगारांच्या फाइली स्कॅन करायच्या आणि कागद त्याच दिवशी श्रेडरमध्ये घालायचे. रोज दोनशे फाइली.

"दोन्ही ठेवून कसं चालेल, ल्युबिंकामॅडम? एकतर कागद, नाहीतर कॉम्प्युटर."

"मग पायातही एकच बूट घालत जा," मी म्हटलं.

तो हसला. मी मात्र मुकाट्यानं गठ्ठे मशीनमध्ये सरकवत राहिले.

मार्चमधल्या एका मंगळवारी राडोये आला. सगळं आयुष्य भट्टीवर काढलेला माणूस. पेन्शन कचेरीनं कळवलं होतं की ब्याण्णव ते पंच्याण्णव या चार वर्षांची त्यांच्याकडे नोंदच नाही. शुक्रवारपर्यंत मूळ दाखले आणा, नाहीतर ती वर्षं धरणार नाही.

"चार वर्षं मी काय झोपा काढल्या? तू होतीस ना इथे, ल्युबिंका!"

मी त्याची फाइल स्क्रीनवर उघडली. चार दाखल्यांच्या जागी एकच चित्र चारदा होतं. एक स्वयंपाकघर, रिकामं टेबल, आत सरकवलेली एक खुर्ची, मागे आमच्या फुलाफुलांच्या टाइल्स.

देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते त्या वर्षांत गावात कोरा कागद मिळत नव्हता. आमच्या टाइल्सच्या कॅटलॉगमधल्या एका पानाचे उरलेले गठ्ठे मीच गोदामातून वर आणले होते, आणि आमची टायपिस्ट झागोर्का त्यांच्या पाठीवर दाखले टाइप करायची. या हिवाळ्यात घाईघाईत मी चित्राची बाजू स्कॅन केली, आणि दाखले श्रेडरमध्ये गेले. अशा त्रेचाळीस फाइली निघाल्या. चूक माझीच. दुसऱ्या कुणाची नाही.

"चित्रंच छापून दे," राडोये कडवटपणे म्हणाला. "कचेरीवाले भिंतीला लावतील."

मी रागारागानं बटण दाबलं. आलेलं पान उचललं तर बोटांना पाठ खडबडीत लागली. उलटून पाहिलं. १९९२, राडोयेचं नाव, भट्टी विभाग, आणि खाली गोल निळा शिक्का. आमचा प्रिंटर फक्त काळं छापतो, तेही एकाच बाजूला. झागोर्का टाइपरायटरवर गोल 'ओ' इतक्या जोरात हाणायची की कागदाला भोक पडायचं. इथेही प्रत्येक 'ओ'मधून खिडकीचा उजेड दिसत होता.

झागोर्काला जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या कबरीवर मी माती टाकली आहे.

राडोयेनं छातीवर क्रुसाची खूण केली. "हे कुणी केलं गं?"

"मी केलं. गप्प बस."

त्या दिवशी पुढची पानं छापली, पण पाठी कोऱ्या आल्या. बुधवारी पुन्हा दाबलं तेव्हा त्र्याण्णव आलं. म्हणजे दिवसाला एक. पण पानावरच्या चित्रात खुर्ची मागे सरकलेली होती. स्क्रीनवर ती अजून टेबलाखालीच होती.

गुरुवारी चौऱ्याण्णव आलं. खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसली होती, अंबाड्यात झागोर्का खोचायची तशी पेन्सिल खोचलेली.

ओग्न्येननं ते पान माझ्या हातातून हिसकावलं. "खोटे दस्तऐवज बनवताय? तुरुंगात जाल, मॅडम!"

"शिक्का तपास ना."

त्यानं अंगठा फिरवला. शाई ओली होती. अंगठा पँटला पुसत त्यानं प्रिंटरची वायर उपटली आणि सोबत घेऊन गेला. पान मात्र तो माझ्या टेबलावरच टाकून गेला.

शुक्रवारी सकाळी मी वायर नसलेल्या त्या खोक्यात एक कोरा कागद ठेवला. मेलेल्या बाईकडे मागताना लाज कसली वाटायची? चार वर्षं एका माणसाची होती, आणि ती मी दळून टाकली होती.

"झागोर्का," मी मोठ्यानं म्हणाले, "पंच्याण्णव राहिलंय. राडोयेचं आहे. मला ते हवंय."

काहीच झालं नाही.

मग टकटक सुरू झाली.

टाइपरायटरची.

कागद बाहेर आला तेव्हा कोमट होता. चित्राकडे न बघता मी तो पिशवीत घातला आणि राडोयेला घेऊन धावत कचेरी गाठली.

खिडकीतल्या बाईनं चारही पानं उजेडात धरली, पाठीवरून बोटं फिरवली आणि धपकन शिक्का मारला. राडोये हमसून रडला. भर रांगेत त्यानं आमच्याकडच्या रीतीनं माझ्या गालांचे तीन मुके घेतले. त्याची चार वर्षं त्याला मिळाली.

"स्वयंपाकघर छान आहे हो," शेवटचं पान उलटून बाई म्हणाली. "तुमचंच का?"

आता मी पाहिलं. टेबलावर दोन कप होते. पाठमोऱ्या बाईशेजारी आणखी एक खुर्ची आली होती, कुणाला तरी बसायला म्हणून बाहेर ओढलेली. त्या खुर्चीच्या पाठीवर एक राखाडी स्वेटर होता, कोपरावर रफू केलेला. ते रफू मीच केलंय. स्वेटर तेव्हा माझ्या अंगात होता.

बेचाळीस जण बाकी आहेत. माणशी चार, दिवसाला एक. ओग्न्येनला मी सांगून टाकलं, तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ, मी माझे कागद सांभाळते. त्यानं मान खाली घालून वायर परत दिली. ती मी लावली नाही.

सोमवारी पुढच्या कामगाराचं पहिलं पान आलं. दाखला चोख होता. चित्रात दुसरी खुर्ची अजून रिकामीच होती, फक्त तिच्यासमोरचा कप अर्धा संपला होता.