पाव तासाचं काम

“खोक्यात काय होतं?” खिडकीपलीकडच्याने विचारलं.

“खापरं.”

“काय?”

“खापरं हो! फुटक्या मडक्याचे तुकडे. बुटांचं खोकं, त्यात कापूस आणि कापसात…” ती खिडकीवर वाकली. “काल संध्याकाळी बसमध्ये राहिलं. मला डुलकी लागली, स्टॉप आला आणि मी धडपडत उतरले.”

बससेवेच्या ‘हरवले-सापडले’ ऑफिसात लोक छत्री मागायला येतात, पाकीट मागायला येतात. फुटकं मडकं मागायला, तेही तोंडचं पाणी पळालेल्या अवस्थेत, बहुधा ही पहिलीच. पण खिडकीतला तो तरुण कारकून हसला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? थांबा!” असं म्हणत तो कपाटांच्या रांगेत दिसेनासा झाला.

तिचा जीव भांड्यात पडला. ती संग्रहालयात जुन्या वस्तू जोडण्याचं काम करायची. दारावरचे पहारेकरी काका तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे आणि आता सगळेच म्हणायला लागले होते. शहराबाहेरच्या उत्खननात सापडलेली ही खापरं आणायची होती, नेमकी गाडी बिघडली आणि डॉक्टरीणबाई नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, “त्यात काय! मी बसने आणते.” आणलीच होती म्हणायची. जवळजवळ.

तो परत आला. खोकं काखेत होतं. आणि दोन्ही हातांत, जपून, अगदी जपून धरलेलं… एक अख्खं मडकं.

“खोकं उघडलं तर आत सगळा चुराडा,” तो म्हणाला. “म्हटलं बसमध्ये पडून फुटलं असणार. कुणाची तरी आवडीची वस्तू दिसते, इतकी कापसात ठेवलीय. म्हणून आज दुपारी जेवायच्या सुट्टीत बसून जोडून ठेवलं.”

तिने आ वासला. मडक्याची मान एका बाजूला कललेली होती आणि पोटावर मधेच एक काळा तुकडा ठिगळासारखा बसवलेला होता. तिला रडावं की हसावं कळेना.

“अहो, हे फुटलेलंच होतं.”

“कधी फुटलं?”

“दोन हजार वर्षांपूर्वी.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मडकं इतक्या हळू खाली ठेवलं, की आवाजसुद्धा झाला नाही.

“शिवाय यात दोन मडकी आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवलंय. चिकटवलंत कशाने?”

“डिंकाने. आम्ही वस्तूंवर चिठ्ठ्या लावतो, तो.”

डिंक! आता मात्र तिला खरंच हसू आलं. डिंक म्हणजे काय, कोमट पाण्यात पाव तास बुडवून ठेवलं की काम झालं. खापरं पक्की भाजलेली होती, पाण्याने त्यांचं काही वाकडं होणार नव्हतं. ती हे सांगणारच होती. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात तो म्हणाला, “मला रविवारी सुट्टी असते. मी येतो तुमच्याकडे. जे लागेल ते करतो… पण हे नीट होईल ना?”

त्याने असं विचारताना थेट तिच्याकडे पाहिलं. बाहीला शाई लागलेली, कानावर पेन्सिल, हनुवटीवर वाळलेल्या डिंकाचा एक ठिपका. अनोळखी माणसाच्या फुटक्या मडक्यासाठी याने आपली जेवणाची सुट्टी घालवली होती.

“होईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण वेळ लागेल. जुन्या मातीत डिंक मुरला की सोडवणं फार नाजूक काम असतं. एकेक सांधा… सावकाश.”

धडधडीत खोटं! आणि बोलताना तिची पापणीसुद्धा लवली नाही.

संग्रहालय रविवारी उघडं असायचं, त्यामुळे मागची तिची कामाची खोलीही उघडी. लांबलचक टेबल, वाकवता येणारा दिवा, वाळूने भरलेलं घमेलं आणि त्यात उभी करून ठेवलेली खापरं. पहिल्या रविवारी तो वेळेआधीच हजर. तिने त्याला कापसाचा बोळा काडीला गुंडाळायला शिकवलं, तो पाण्यात बुडवून एका सांध्यावर हलकेच फिरवायला शिकवलं. तो श्वास रोखून काम करायचा. ती शेजारी बसून दुसऱ्या खापरांवर नंबर घालायची आणि अधूनमधून, उगाच, त्याच्या हाताला धरून कोन सुधारायची. कोन बहुतेक वेळा बरोबरच असायचा.

“हे आतून काळं का?” त्याने एकदा विचारलं.

“करपलंय. कुणीतरी चुलीवर काहीतरी ठेवलं आणि विसरलं.”

“लक्ष कुठे होतं बाईंचं?”

“बाईच कशावरून? बुवा असतील.”

“बरं, बुवांचं कुठे होतं?”

“दाराकडे. कुणीतरी यायचं असेल.”

“आलं का मग?”

“भांडं इतकं करपलंय म्हणजे आलंच असणार,” ती म्हणाली. तो खाली मान घालून हसला आणि त्याच्या हातातली काडी थोडा वेळ एकाच जागी फिरत राहिली.

एके दिवशी संध्याकाळी त्याने तिला आपलं ऑफिस दाखवलं. एकही खिडकी नसलेली आतली खोली, जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. छत्र्या, किल्ल्या, एकेकटे हातमोजे, चष्मे, कुणाची तरी कवळीसुद्धा!

“कवळी कशी काय विसरतात?” तिने विचारलं.

“तोच विचार मी रोज करतो. हा डबा बघा. झाकणावरचे ओरखडे डावीकडेच आहेत. डावखुरा माणूस. आणि ही किल्ली, हिच्या दांड्याला लाल लोकर बांधलीय. घरात सारख्या दिसणाऱ्या दोन किल्ल्या असणार, आणि एक आजी सतत चुकत असणार.”

ती बघतच राहिली. हे तर तिचंच काम होतं! तिची माणसं मातीखाली गेली होती, त्याची पुढच्या स्टॉपवर उतरली होती, एवढाच काय तो फरक. ती फळ्यांसमोर उकिडवी बसली आणि दोघं मिळून एका जुन्या बुटाच्या झिजलेल्या टाचेवरून त्याच्या मालकाची चाल ठरवू लागली. चाल ठरवता ठरवता त्याने ती करूनही दाखवली. तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

घरी आईला सगळं दिसत होतं. “ते एवढंसं मडकं किती रविवार पुरणार आहे गं?” तिने एकदा इस्त्री बाजूला ठेवत विचारलं.

“नाजूक काम आहे, आई.”

“हो ना. कानातलेसुद्धा नाजूक घातलेत,” आई म्हणाली.

असं मजेत चाललं होतं. मेख एकच होती. मडक्याचे सांधे संपत आले होते. मान उतरली होती, काळं ठिगळ निघालं होतं, आता फक्त पोटाचा गोल भाग जोडलेला उरला होता. तिने हिशेब करायचं टाळलं. कुठलाही तुकडा हातात घेऊन त्याचं वय सांगणारी ती, पण हा माणूस मडकं संपल्यावर येईल की नाही, हे काही तिला सांगता येईना.

त्या रविवारी तो शीळ घालत आला.

“एक गंमत सांगू? शेजारच्या शहरात नवा मोठा डेपो होतोय. तिथलं ‘हरवले-सापडले’ मला देत होते. अख्ख्या विभागाचा प्रमुख! खोलीला दोन खिडक्या आहेत म्हणे.”

“देत होते?”

“उद्या नाही म्हणून सांगणार आहे. पुढच्या महिन्यापासून जावं लागेल आणि या पोटाचे सांधे काही तोवर सुटायचे नाहीत. एवढी जुनी वस्तू माझ्या हातून बिघडलीय, ती तशीच टाकून जाऊ? घरी माझ्या ताईलाही सांगितलं मी. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं.”

त्याने बाह्या सरसावल्या, काडी घेतली आणि कापूस गुंडाळायला सुरुवात केली.

गप्प बसायचं. बस्स. गप्प बसलं की तो इथेच राहणार होता. याच टेबलाशी, याच दिव्याखाली. आणि खरं सांगितलं की मोकळा होऊन निघून जाणार होता, वर चिडून. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. किती जपून धरली होती त्याने ती काडी! तिच्या खोट्यापायी हा माणूस दोन खिडक्या सोडून देत होता. ती त्याच्यावर प्रेम करत होती, हे तिला आता अगदी स्वच्छ कळलं, आणि म्हणूनच गप्प बसणं शक्य नव्हतं.

“ती काडी ठेवा,” ती म्हणाली.

“का? चुकलं काही?”

“तुमचं नाही.” तिने किटलीतलं गरम पाणी दुसऱ्या, रिकाम्या घमेल्यात ओतलं, त्यात नळाचं मिसळलं, हात घालून बघितलं. मग उरलेलं मडकं उचललं आणि सरळ पाण्यात सोडलं.

“अहो! अहो, काय करताय!”

“बघा.”

दोघं घमेल्यावर वाकले. आधी काहीच झालं नाही. नुसते बारीक बुडबुडे. मग एका सांध्यातून पांढुरका धागा सुटल्यासारखा डिंक बाहेर आला.

“पाव तासाचं काम होतं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. तुमच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. मी खोटं बोलले.”

तो पाण्याकडेच बघत होता.

“मला रात्री झोप लागायची नाही,” तो शेवटी म्हणाला. “दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू आपण एका दुपारी नासवली, असं वाटायचं.”

हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. “मला वाटलं, तुम्हाला इथे मजा येतेय.”

“येत होतीच की! तेच तर. वाईट वाटायचं आणि रविवारची वाटही बघायचो. मग वाट बघण्याचंही वाईट वाटायचं.” त्याने वर पाहिलं. “का केलंत असं?”

तिने हात पुसले नाहीत, की नजर चुकवली नाही.

“कारण पाव तासात ते सुटलं असतं आणि तुम्ही गेला असता. आणि मला… तुम्ही जायला नको होतात. तुम्ही आवडता मला. मडकं जोडून घेऊन आलात ना, तेव्हापासूनच.”

पाण्यात हलकासा आवाज झाला. पोटाचे दोन भाग आपसूक वेगळे होऊन तळाशी बसले.

त्याने पाण्यात हात घातला, एकेक तुकडा बाहेर काढला आणि फडक्यावर मांडला. तिचे हातही मदतीला आले. पाण्यात बोटांना बोटं लागली. या वेळी कोन सुधारायचं निमित्त नव्हतं, तरी कुणीच हात मागे घेतला नाही.

“खोटं बोलायला नको होतं,” तो हळूच म्हणाला.

“नको होतं.”

“नुसतं ‘या’ म्हणाला असतात तरी मी आलो असतो.”

“आता कळलं.” तिचा आवाज जरा ओला झाला, पण मान ताठच होती. “उद्या त्यांना हो म्हणून सांगा. दोन खिडक्या सोडायच्या नाहीत. बसने दोन तासांचं तर अंतर आहे. मी येईन.”

“काय विसरलात म्हणून येणार?”

“काही विसरले म्हणून नाही. तुम्हाला भेटायला.”

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. त्याने फडक्याचं टोक उचलून तिचे हात पुसले. एकेक बोट, सावकाश, नाजूक काम असल्यासारखं.

“पण ते पुढच्या महिन्यापासून,” तो म्हणाला. “येत्या रविवारी मीच येतो. काय काम असेल इथे?”

तिने टेबलाकडे पाहिलं. सगळे तुकडे सुटे, स्वच्छ, वाळत पडलेले.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“मग लवकर येतो.”