रांगेतली मोकळी जागा

गुड फ्रायडेच्या दुपारी क्रोचिफिस्सा चॅपल झाडायला गेली. मिरवणूक उन्हं कलल्यावर निघायची होती. भिंतीवरच्या चित्रात मात्र ती कायमचीच निघालेली होती. एकोणिसाव्या शतकात कुणी रंगवलेली, काळ्या शालीतली दुःखी माउली आणि तिच्यामागे पांढऱ्या झग्यातले, चेहरे झाकलेले, चर्चच्या संघातले बंधू, खांद्याला खांदा लावून.

गावाची एक रीत होती. वर्षभरात जो बंधू वारला, त्याची रांगेतली जागा मोकळी ठेवायची. शेजारून त्याची आई किंवा बायको चालायची, न पेटवलेली मेणबत्ती त्या मोकळ्या जागेत धरून.

आपल्या पोरासाठी, लिबोरिओसाठी, क्रोचिफिस्साने ती जागा मागितली होती; तोही बंधूंपैकीच. मिळाली नव्हती. गंधकाच्या खाणीत आग लागली तेव्हा मालकाने हवा तोडायला बोगद्याचं तोंड भिंत घालून बंद केलं. गंधक वाचलं. लिबोरिओ घरी आला नाही. खाणीच्या लेखी तो पळून गेला होता. मेलेल्या मजुराची चौकशी करावी लागते, पळालेल्याची नाही.

"तुझा पोरगा बेल्जियमला बिअर पीत बसलाय," डॉन गास्पारे म्हणाला होता. तो बंधूंचा प्रमुख, आणि खाणीचा मुकादमही. "जित्या माणसाची जागा सोडली तर अपशकुन होतो."

"बूट घरीच आहेत त्याचे. बेल्जियमला काय अनवाणी गेला?"



चित्राची चौकट पुसताना तिला जळक्या गंधकाचा वास आला. तिने वर पाहिलं. रांगेत एक जागा मोकळी होती. रंग खरवडलेला नव्हता. मागचे रस्त्याचे दगड दिसत होते, तेही बाकीच्या चित्राइतकेच जुने, तडकलेले.

ती ओरडली नाही. जाऊन गास्पारेला घेऊन आली.

"काल... काल नव्हतं हे," तो पुटपुटला.

"नव्हतं."

त्याने टोपी काढली. "भिंतीमागून ठोकल्याचा आवाज येत होता. मालक म्हणाले, दगड तापून फुटतायत... मी गवंड्याला थांबवलं नाही."

"किती वेळ येत होता?"

"एकटाच होता गं तो. माउलीची शपथ. एकटा लिबोरिओ."

त्या संध्याकाळी रांगेत जागा सुटली. जिच्यासाठी ती गावाशी भांडली, ती मिळाली, आणि मग पावलागणिक तिला कळत गेलं की त्याच्यासाठी उघड्या ठेवलेल्या दाराला आता रात्री कडी लावायला हरकत नाही. मेणबत्ती धरलेला हात जड होत होता. जळक्या गंधकाचा वास आला तशी बायकांनी शालीने नाकं झाकली. 

चर्चच्या पायरीशी तिने हात मागे घेतला. मेण मऊ झालं होतं. तिच्या पकडीच्या वर दुसऱ्याच कुणाच्या हाताची बोटं उमटली होती, अंगठा लिबोरिओसारखा रुंद. तिने त्यावर ओठ टेकले.

मग तिने मेणबत्ती फिरवली. वातीपासून बुडापर्यंत मेणात बोटंच बोटं रुतली होती, दाटीवाटीने, एकमेकांवर चढून. काही अगदी बारीक, पोरवयाची.