कोटावरची लोखंडी धूळ

खोकताना मामंजींच्या रुमालावर पुन्हा काळं उमटलं, आणि सासूबाईंनी तो रुमाल सुनेच्या ताटाशेजारी आणून ठेवला!

सून भुयारी रेल्वेच्या कारशेडमध्ये डब्यांतले हवेचे फिल्टर बदलायची. गाडीला ब्रेक लागला की चाकं झिजतात, रूळ झिजतात, त्यांची भुकटी बोगद्यात तरंगत राहते आणि डब्यात शिरते, हे तिनेच एकदा मोठ्या कौतुकाने घरी सांगितलं होतं... आणि तेच तिच्या अंगाशी आलं. मामंजींना खोकला लागला तशी सासूबाईंची खात्रीच पटली, की ही बया कामावरची धूळ अंगावर घेऊन घरात येते. हातच्या काकणाला आरसा कशाला! कपडे जिन्यात बदल, ह्यांच्या वस्तूंना हात लावू नकोस... आठ महिने तिने सगळं मुकाट ऐकलं. तरी खोकला वाढतच गेला, आणि बिचारीची मतीच गुंग झाली. कुठून येत होती ही धूळ? आपल्या केसांतून? आपल्या श्वासातून? नवरा म्हणाला, नोकरी सोड. दोनदा परीक्षेला बसून मिळवलेली नोकरी! अखेर तिने राजीनामा लिहिला, सोमवारी द्यायचा म्हणून.

रविवारी घरात कुणी नसताना खुंटीवरचा मामंजींचा कोट खाली पडला. उचलताना तिची बोटं काळी झाली. मनात काय आलं कोण जाणे, कामाच्या पिशवीतलं लोहचुंबक काढून तिने कोटावरून फिरवलं, तर त्याला भुकटी चिकटली. शेडमधल्या फिल्टरवरची चिकटते तशीच! पण मामंजी तर पायी दहा मिनिटांवरच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला जात... गोंधळून तिने दुकानात फोन लावला. त्यांना काढून आठ महिने झाले, मालक म्हणाला.

म्हणजे रोज ताठ मानेने घरातून निघणारा हा म्हातारा दिवसभर बोगद्यातून इकडून तिकडे फिरत होता, आणि तेही तिच्या नोकरीमुळे घरच्यांना मिळालेल्या फुकट पासवर! सांगावं तर आपण सुटतो, पण त्यांची मान कायमची खाली जाते. न सांगावं तर नोकरी जाते. इकडे आड, तिकडे विहीर... भरल्या डोळ्यांनी तिने कोट चुंबकाने स्वच्छ केला आणि परत खुंटीला टांगला.

सोमवारी सकाळी ती राजीनामा घेऊन निघाली, तर मामंजी दारातच उभे.

"सूनबाई कुठलाही राजीनामा देणार नाही," ते म्हणाले. "धूळ मी आणतो घरात."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी खोकत खोकत सगळं सांगितलं. काम गेलं हे सांगायची लाज वाटली. गाडीत बसून राहिलं तरी कुणी ऊठ म्हणत नाही.

"काल कोट साफ झालेला बघितला," ते म्हणाले. "हिला सगळं कळलं होतं, तरी ही गप्प बसली."

"आणि तुम्ही हिला आठ महिने बोलणी खाऊ दिलीत?" सासूबाईंनी विचारलं.

"दिली."

कुणावर रागवावं हेच सासूबाईंना उमगेना. नवऱ्यावर, की स्वतःवर? मग त्यांनी चपला पायात सरकवल्या. सुनेला कामाला उशीर होतोय, आपण स्टेशनपर्यंत सोबत येतो, एवढंच त्या म्हणाल्या. रस्त्यात त्यांनी तिचा हात धरला. स्टेशनच्या जिन्यापाशी आल्या तरी तो सोडेनात.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या.

आठ महिने सून हेच ऐकायला आसुसली होती. ती नुसती मान हलवत राहिली, आणि पहिली गाडी तिने जाऊ दिली.