सुमित्राबाईंचा हौद

जाम गावच्या चौरस्त्यामागे, आपल्या कापसाच्या जिनिंगला लागूनच ताराचंद शेठजींनी पोहण्याचा हौद बांधला होता. अर्धांगवायूनं सुमित्राबाईंचे पाय गेले तेव्हा डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला. शेठजींनी त्यासाठी मुंबईहून गॅसचा हीटर मागवला. पण तो पेटेना. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. "सीझन उलगू दे, मिस्त्री आणतो," असं ते रोज म्हणत राहिले. बाईंनी वाट पाहिली आणि पौषातल्या एका सकाळी मोलकरणीच्या खांद्याला धरून त्या गार पाण्यातच उतरल्या. छातीत कफ भरला. त्यातच गेल्या.

वर्षश्राद्ध उरकलं आणि शेठजींनी वर्ध्याहून रूपराव मिस्त्रीला बोलावलं. हौद आता गावातल्या पांगळ्या पोरांसाठी खुला करायचा होता.

रूपरावनं सिलिंडर बदललं. नळीतलं कोळ्याचं जाळं काढलं. आतली बारकी ज्योत छान जळायला लागली; मोठा बर्नर मात्र पेट घेईना.

"हीटरमंदी काई खराबी नाई, शेठजी," तो म्हणाला. "पाणी गरम असलं का हा बंदच राह्यते. तुम्ही पाणी तापवलं का?"

"मी काऊन तापवू? सकाळीच तं विहिरीतून भरलं."

हीटरची नळी हौदात उतरायच्या पायऱ्यांच्या दांडीजवळून पाणी ओढत होती. रूपरावनं तिथे हात घातला आणि चटकन काढला.

"पाहा ना. कोमट आहे."

शेठजी काठावर बसले. बाही सारून त्यांनी हात बुडवला. बोटं बधिर झाली. तसाच हात ते दांडीकडे नेऊ लागले.

गार. गार.

मग ऊब.

अंगाची असते तशी. हात पुढे सरकवला, तर ती संपली. मागे आणला, पुन्हा लागली. एका माणसाच्या खांद्यांएवढीच रुंद होती ती.

"सुमित्रा," ते पुटपुटले. "माह्यं चुकलं."

पाणी हललं नाही. ऊब मात्र त्यांच्या बोटांतून हळूच निसटली आणि दूर गेली.

मागे भप्प आवाज झाला.

"पेटला, शेठजी! पेटला!" रूपराव ओरडला.

शेठजींनी मान वळवली नाही. कोपरापर्यंत हात बुडवून ते गार पाणी चाचपत राहिले.