कपारीआडचा आवाज

खोटं वाटत असेल तर वल्लरीला विचारा. पंचवटीत राहते, बँकेत आहे, आणि भुताखेतांना हसणाऱ्यांपैकी होती.

होती!

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. नांदगावजवळचा डोंगर. दिवस मावळायला अर्धा तास.

तिथल्या कपारीत शृंगी घुबडाचं घरटं होतं. तिला ते दाखवलं सावळीरामबाबांनी. शेळ्या राखणारे म्हातारे, पण कुठल्याही पाखराचा आवाज हुबेहूब काढायचे. दगडाआड लपून ते आवाज काढत, वल्लरी पक्षी ओळखायची. दोघांचा खेळच होता तो.

"ताई, ही जागा कुनाला सांगायची नाय," एवढंच त्यांचं मागणं.

तिने एकालाच सांगितली. धवलला. लग्न ठरलं होतं त्याच्याशी, त्याच्यापासून काय लपवायचं?

त्या पठ्ठ्याने फोटोसकट जागा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली! रविवारी वीस कॅमेरे आले. स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला. मादी अंडी सोडून गेली, ती गेलीच.

केसाने गळा कापला त्याने. वल्लरीने लग्न मोडलं. पण बाबांना कुठल्या तोंडाने भेटणार? तीन आठवडे तिला जाववलं नाही. त्या शनिवारी गेली, माफी मागायला.

"बाबा?"

दगडाआडून तित्तिर ओरडला...

"तित्तिर!" ती म्हणाली. तिला हायसं वाटलं.

मग टिटवी...

"टिटवी!" तिला रडूच आलं. बाबा रागावले नव्हते.

मग सगळं गप्प झालं. वारासुद्धा.

आणि दगडाआडून आवाज आला...

"धवल, कुणाला सांगू नकोस हं. बाबांनी विश्वासाने दाखवलीये."

तिचाच आवाज. हुबेहूब.

हे ती बंद गाडीत बोलली होती. फक्त धवलशी.

ती दगडामागे धावली.

कुणीच नव्हतं.

खाली वस्तीवर बाबांची बायको, बयाबाई, दारात बसली होती. कपाळ मोकळं.

"तीन आठवडे झाले, ताई. अंडी उघडी पडली म्हनून त्याच सांजेला वर चढले. पाय घसरला."

वल्लरी तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली.

"जीव जाईस्तोवर एकच म्हनत व्हते," बयाबाई म्हणाली. "कुनी बी सांगितलं आसंल, ताईनं नाय सांगितलं."

आता रोज पहाटे तिच्या खिडकीबाहेर तित्तिर ओरडतो. पंचवटीत, भाजीबाजाराच्या गल्लीत, तित्तिर!

वल्लरी नाव घेत नाही. ओळखलं, तर टिटवीनंतरचा आवाज कुणाचा येईल ते तिला ठाऊक आहे.